एकाच लिनक्स मशीनसाठी टेराफॉर्म वापरावे का, आणि वापरायचे तर सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही काम करता. कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे संकलनाचे आणि बिलांचे सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रिजनमधल्या एका उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर चालते. ते मशीन दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या कोणीतरी ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये, म्हणजे वेब पानावर, क्लिक करत करत उभे केले आणि ती व्यक्ती आता कंपनीत नाही. चाचणीसाठी तसेच दुसरे मशीन हवे आहे. टेराफॉर्मबद्दल, म्हणजे मशीनचे वर्णन फाइलमध्ये लिहून क्लाउडवर ते उभे करणाऱ्या साधनाबद्दल, तुम्ही वाचले आहे, पण एका-दोन मशीनसाठी हा व्याप करावा का, आणि करायचा तर त्यात नेमके काय लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

एका मशीनसाठीसुद्धा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मशीन किती आहेत यावर हा निर्णय घेऊ नका. आज रात्री ते मशीन नाहीसे झाले तर उद्या सकाळचे संकलन सुरू होण्यापूर्वी तसेच दुसरे मशीन उभे करता येईल का, एवढेच स्वतःला विचारा. तुमच्या वर्णनावरून तरी आज ते शक्य दिसत नाही.

माझा स्वतःचा अनुभव ऑगस्ट २०१९ चा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. त्या आठवड्यात पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले होते आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. शाहूपुरीत आमच्या एका ग्राहकाचे कार्यालय तळमजल्यावर होते आणि सर्व्हर तिथेच टेबलाखाली होता. तो गेला. डेटाचा बॅकअप आदल्या रात्री बाहेर निघालेला असल्यामुळे एकही नोंद हरवली नाही. तरीही क्लाउडवर नवे मशीन घेऊन काम पूर्ववत व्हायला नऊ दिवस लागले, कारण जुने मशीन सहा वर्षांत कोणी, कधी, काय काय बसवून घडवले होते याची नोंद कुठेच नव्हती. सगळे सुरू झाले असे वाटले त्या दिवशी पहिले बिल छापले, तर सभासदाच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटली. आकडे बरोबर, रक्कम बरोबर, नाव मात्र वाचता येईना. कोणीतरी काही वर्षांपूर्वी देवनागरी फाँटची एक फाइल हाताने एका फोल्डरमध्ये टाकली होती आणि क्लाउडवरच्या कोऱ्या उबंटूत ती अर्थातच नव्हती. 'फाँट्स-लोहित-देवा' या पॅकेजने तो प्रश्न दोन मिनिटांत सुटला. तो प्रश्न फाँटचा आहे हे कळायलाच अर्धा दिवस गेला. आज आमच्या प्रत्येक मशीनच्या फाइलमध्ये ती एक ओळ आहे.

उद्यमनगरातल्या कोणत्याही फौंड्रीवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कास्टिंग फुटले तर पुन्हा ओततात, पण पॅटर्न मात्र जपून ठेवतात. तुमच्याकडे आज फक्त कास्टिंग आहे. टेराफॉर्मच्या फाइल म्हणजे पॅटर्न, आणि तो गिटमध्ये, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, राहतो.

साधनाबद्दल थोडक्यात सांगतो. टेराफॉर्म २०१४ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हाशीकॉर्प कंपनीने त्याचा परवाना बदलला, त्यानंतर त्यातूनच 'ओपनटोफू' हा मुक्त स्रोत प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघाला. तुमच्या कामासाठी दोन्ही चालतील आणि खाली सांगितलेले जवळजवळ सगळे दोन्हींना सारखेच लागू आहे, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. टेराफॉर्मच्या फाइलमध्ये आपण शेवटी काय काय असायला हवे ते लिहितो. तिथवर कोणत्या क्रमाने जायचे ते टेराफॉर्म ठरवते. त्यासाठी ते तीन गोष्टींचा मेळ घालते: तुम्ही लिहिलेली फाइल, मागच्या वेळी आपण काय घडवले याची स्वतःची नोंदवही म्हणजे स्टेट फाइल, आणि क्लाउडवर आत्ता प्रत्यक्षात काय आहे ते.

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एक कागद घ्या आणि मशीनशी संबंधित प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की ही गेली तर पुन्हा घडवता येईल की नाही. उबंटू, पोस्टग्रेस (डेटाबेस), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), फाँट, वापरकर्ते, टाइमझोन हे सगळे पुन्हा घडवता येते. सभासदांच्या नोंदी पुन्हा घडवता येत नाहीत. गावोगावच्या संकलन केंद्रांवरच्या यंत्रांत जो सार्वजनिक आयपी पत्ता भरलेला आहे, तोही हातचा गेला तर परत मिळेलच असे नाही, आणि मग प्रत्येक केंद्रावर माणूस पाठवावा लागतो. म्हणून मशीन, डेटाची डिस्क आणि इलॅस्टिक आयपी (आपल्या नावावर राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) या तीन गोष्टी टेराफॉर्ममध्ये तीन स्वतंत्र रिसोर्स, म्हणजे फाइलमधल्या वेगवेगळ्या नोंदी, म्हणून लिहाव्यात, आणि मशीनला त्या दोन्ही बाहेरून जोडाव्यात. या विभागणीवर मी एवढा भर देतो, कारण कन्सोलमधून घेतलेल्या मशीनमध्ये सहसा सगळे एकाच रूट डिस्कवर, म्हणजे उबंटू ज्या डिस्कवर असते तिच्यावरच, असते, आणि मशीन मिटवले की रूट डिस्कही त्याच्यासोबत मिटते, अशी ॲमेझॉनची मूळ रचना आहे. जोवर डेटा मशीनच्या पोटात आहे, तोवर तुम्ही मशीन मिटवायला घाबरणार. आणि जोवर मिटवायला घाबरता, तोवर तुमच्या फाइल खऱ्या आहेत की नाहीत हे तपासण्याचा कोणताही मार्ग तुमच्याकडे नाही.

डेटाच्या डिस्कवर आणि आयपीवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' हा गुणधर्म लावा. तो लावला की ती डिस्क मिटवणारा कोणताही बदल टेराफॉर्म त्रुटी दाखवून नाकारते. मात्र हे संरक्षण त्या रिसोर्सच्या ब्लॉकमध्येच लिहिलेले असते, त्यामुळे कोणी तो अख्खा ब्लॉकच फाइलमधून काढला तर संरक्षणही त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून डिस्कचे रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या प्रती, वेगळे चालू असायलाच हवेत.

ही डिस्क मशीनच्या आत व्यवस्थित बसवणे हे या सगळ्यातले सर्वांत नाजूक काम आहे, आणि त्यात तीन खाचखळगे आहेत. पहिला नावाचा. टेराफॉर्ममध्ये तुम्ही जोडणीचे नाव 'एसडीएफ' असे लिहिता, पण टी३ सारख्या नव्या पिढीच्या मशीनमध्ये उबंटूला ती डिस्क 'एनव्हीएमई' ने सुरू होणाऱ्या नावाने दिसते, आणि एकाहून अधिक डिस्क असतील तर त्यांचा क्रमांक प्रत्येक वेळी तोच राहील याची हमी नाही. म्हणून नावावर अवलंबून राहू नका; डिस्कला लेबल द्या किंवा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा एकमेव ओळख क्रमांक) वापरा, आणि एफएसटॅबच्या (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या) ओळीत 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क सापडली नाही तर मशीन बूट होतानाच अडकून बसेल. दुसरा खळगा वेळेचा. टेराफॉर्म आधी मशीन सुरू करते आणि मग डिस्क जोडते. तोवर मशीनच्या आत पहिल्या बूटची कामे सुरू झालेली असतात. डिस्क येण्यापूर्वीच ती माउंट करण्याचा, म्हणजे फोल्डरला जोडण्याचा, प्रयत्न झाला तर तो फसतो, आणि पोस्टग्रेस रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच, नवा कोरा डेटाबेस उघडून बसते. वरवर सगळे चालू दिसते. यावर उपाय म्हणजे पहिल्या बूटच्या स्क्रिप्टमध्ये डिस्क दिसेपर्यंत थांबणारी ओळ घालणे आणि माउंट झाल्याची खात्री झाल्यावरच पोस्टग्रेस सुरू करणे. तिसरा खळगा फॉरमॅटचा, आणि तो सर्वांत घातक आहे. नव्या डिस्कवर एकदा फाइलसिस्टिम बनवावी लागते. तीच स्क्रिप्ट पुढच्या मशीनवर भरलेल्या डिस्कवर चालली तर डेटा गेला. त्यामुळे आधी 'बीएलकेआयडी' या आज्ञेने तपासा आणि डिस्कवर फाइलसिस्टिम नसेल तरच बनवा. मी तर एक पाऊल पुढे जातो: पहिल्यांदा डिस्क हाताने फॉरमॅट करतो आणि फॉरमॅटची आज्ञा स्क्रिप्टमध्ये ठेवतच नाही. आयुष्यात एकदाच करायच्या कामासाठी एवढा धोका कायमचा फाइलमध्ये बाळगू नये. शिवाय डिस्क आणि मशीन एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रिजनमधल्या एका स्वतंत्र विभागात) असावे लागतात, म्हणून मशीनचा झोन ठरवणारा सबनेट ठरवून पक्का लिहा. आणि डिस्कच्या जोडणीत 'स्टॉप इन्स्टन्स बिफोर डिटॅचिंग' चालू ठेवा, म्हणजे मशीन बदलताना चालत्या डेटाबेसखालून डिस्क ओढली जाणार नाही.

आता नेटवर्क. सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनभोवतीचे फायरवॉलचे नियम, लिहिताना नवखा माणूस हमखास अडकतो ती जागा सांगतो, कारण ती त्रुटी म्हणून कुठेच दिसत नाही. कन्सोलमध्ये सिक्युरिटी ग्रुप केला की बाहेर जाणारी सगळी वाहतूक आपोआप मोकळी असते. टेराफॉर्म मात्र नवा ग्रुप करताना तो आपोआप आलेला नियम काढून टाकते, आणि बाहेर जाण्याचा नियम तुम्ही स्वतः लिहिला नसेल तर मशीनला बाहेरचे जग बंद असते. तुम्ही ४४३ आणि ८० ही पोर्ट आत येण्यासाठी नीट उघडता, फाइल अमलात आणणारी 'अप्लाय' ही आज्ञा देता, 'अप्लाय कम्प्लीट' असा हिरवा संदेश येतो, मशीन 'रनिंग' दिसते, आणि आत एकही पॅकेज बसलेले नसते, कारण पॅकेज बसवणाऱ्या 'एपीटी' ला उबंटूच्या सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. 'अप्लाय कम्प्लीट' याचा अर्थ क्लाउडने मशीन दिले एवढाच घ्यावा. आतले काम पहिल्या बूटला क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम करतो; ते पूर्ण झाले की नाही हे 'क्लाउड-इनिट स्टेटस' या आज्ञेने आत जाऊन पाहावे लागते, आणि काय बिघडले ते 'क्लाउड-इनिट-आउटपुट' या लॉगमध्ये सापडते.

एसएसएचचे, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरण्याचे, २२ क्रमांकाचे पोर्ट सगळ्या जगाला, म्हणजे ०.०.०.०/० ला, उघडे ठेवू नका. 'फक्त ऑफिसच्या आयपीला उघडतो' हा नेहमीचा उपाय आपल्याकडे नीट लागू पडत नाही. ऑफिसला साधे ब्रॉडबँड असेल तर पत्ता बदलत राहतो, आणि अनेक पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरेच ग्राहक ठेवतात. म्हणजे तुम्ही ऑफिस म्हणून ज्याला दार उघडता त्यात अनोळखी शेजारीही आले. म्हणून मी २२ क्रमांकाचे पोर्ट उघडतच नाही. त्याऐवजी, ते पोर्ट न उघडता मशीनमध्ये जाऊ देणारे ॲमेझॉनचे सेशन मॅनेजर वापरतो. त्याचा एजंट उबंटूच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे मशीन ज्या तयार साच्यातून उभे होते त्यात, आधीच असतो. मशीनला एक आयएएम रोल, म्हणजे ठरावीक परवानग्या देणारी ॲमेझॉनची ओळख, जोडून त्यावर 'ॲमेझॉन एसएसएम मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर' ही पॉलिसी लावली आणि ४४३ वर बाहेर जाण्याची वाट मोकळी असली की काम होते. कोण, केव्हा आत गेले याची नोंदही त्यातून राहते. तरीही एसएसएच की (खासगी आणि सार्वजनिक अशा दोन भागांची डिजिटल किल्ली) हवीच असेल तर ती स्वतःच्या लॅपटॉपवर बनवा आणि टेराफॉर्मला फक्त सार्वजनिक अर्धा भाग द्या. अशी की बनवून देणारे रिसोर्स टेराफॉर्ममध्ये आहे, पण त्यातून निघालेली खासगी की स्टेट फाइलमध्ये उघड्या मजकुरात पडून राहते. मशीनच्या ब्लॉकमध्ये 'एचटीटीपी टोकन्स' ला 'रिक्वायर्ड' लिहायला विसरू नका. मशीनच्या मेटाडेटातून, म्हणजे ॲमेझॉन मशीनला स्वतःबद्दल जी माहिती देते तिच्यातून, रोलची ओळखपत्रे पळवण्याचा एक सोपा मार्ग त्याने बंद होतो.

मशीनच्या आत काय बसवायचे ते क्लाउड-इनिटच्या फाइलमध्ये लिहावे. टेराफॉर्ममध्येच 'रिमोट-एक्झेक' नावाची सोय आहे आणि सुरुवातीला ती मोहात पाडते, परंतु तिच्यासाठी बाहेरून एसएसएच उघडे लागते, ती मधेच फसली तर मशीन अर्धवट अवस्थेत राहते, आणि टेराफॉर्मच्या कर्त्यांनीही तिला शेवटचा उपाय म्हटले आहे. क्लाउड-इनिटची फाइल मशीनसोबत पाठवली जाते आणि पहिल्या बूटला उबंटू ती स्वतः वाचून अमलात आणते. तिच्या पहिल्या ओळीत हॅशच्या खुणेला लागून 'क्लाउड-कॉन्फिग' असे लिहिलेलेच असावे लागते. ती ओळ चुकली तर बाकीची फाइल कितीही बरोबर असली तरी ती कॉन्फिगरेशन म्हणून वाचली जात नाही. ही फाइल यामल या मांडणीत असल्यामुळे टॅब चालत नाहीत, जागा सोडायची तर स्पेसनेच. पाठवण्यापूर्वी 'क्लाउड-इनिट स्कीमा' या आज्ञेने ती तपासून घ्या. ॲमेझॉनवर या मजकुराची मर्यादा १६ केबी आहे, त्यामुळे तुमचे सॉफ्टवेअर त्यात कोंबायचा प्रयत्न करू नका. ते कुठून उतरवून घ्यायचे तेवढेच लिहा. आणि पासवर्ड त्यात कधीही लिहू नका, कारण मशीनवर चालणारा कोणताही प्रोग्रॅम तो मजकूर मेटाडेटातून वाचू शकतो. डेटाबेसचा पासवर्ड पॅरामीटर स्टोअरमध्ये (ॲमेझॉनच्या गुपिते ठेवण्याच्या सेवेत) ठेवा आणि मशीनच्या रोलला तेवढाच वाचण्याची परवानगी द्या.

त्या फाइलमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा आवर्जून लिहा. क्लाउडवरचे उबंटू यूटीसी वेळेवर चालू होते. एका संस्थेत रात्री दोनला लावलेला बॅकअप आपल्या वेळेने सकाळी साडेसातला सुरू होत होता, म्हणजे ऐन संकलनाच्या गर्दीत. काट्यावर घागर ठेवली की पडद्यावर आकडा उमटायला वेळ लागायचा, मागे सायकली-मोटरसायकलींची रांग वाढायची, आणि तक्रार यायची की नेट स्लो आहे. नेट चांगले होते. साडेपाच तासांचा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता.

यूजर डेटा, म्हणजे हीच क्लाउड-इनिटची फाइल, नंतर बदलली तर काय होते हेही नीट समजून घ्या. टेराफॉर्मच्या ॲमेझॉन प्रोव्हायडरमध्ये (टेराफॉर्मला ॲमेझॉनशी जोडणाऱ्या भागात) नेहमीच्या मांडणीत हा बदल केला की मशीन थांबते, नवा मजकूर त्याला चिकटवला जातो आणि मशीन पुन्हा सुरू होते. पण क्लाउड-इनिटच्या दृष्टीने ते जुनेच मशीन असल्यामुळे पॅकेज बसवण्यासारखी पहिल्या बूटची कामे तो पुन्हा करत नाही. म्हणजे सेवा थोडा वेळ बंद पडली आणि आत काहीच बदलले नाही. 'यूजर डेटा रिप्लेस ऑन चेंज' हा गुणधर्म चालू केला तर प्रत्येक बदलाला जुने मशीन जाऊन नवे येते, आणि फाइलमध्ये जे लिहिले आहे तेच आत आहे याची खात्री राहते. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तरच हे करावे, आणि तसा असेल तर जरूर करावे. तीन-चारपेक्षा जास्त मशीन झाली, किंवा दर आठवड्याला आतल्या मांडणीत बदल होऊ लागले, की चालू मशीनच्या आत बदल करणारे अन्सिबल हे साधन आणा. तोवर त्याची गरज नाही.

स्टेट फाइलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ती सुरुवातीला तुमच्याच लॅपटॉपवर तयार होते. ती हरवली तर टेराफॉर्मच्या लेखी तुमचे काहीच अस्तित्वात नसते आणि ते सगळे नव्याने घडवायला निघते. जुने मात्र क्लाउडवर चालू राहते आणि त्याचे बिलही. आमच्याकडे एका सहकाऱ्याचा लॅपटॉप नवा केला तेव्हा नेमके हे घडले, आणि प्रत्येक रिसोर्सचा आयडी कन्सोलमधून शोधून परत नोंदवण्यात दोन दिवस गेले. म्हणून पहिल्या दिवसापासून स्टेट फाइल एस३ बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवण्याच्या सेवेत) ठेवा, बकेटवर व्हर्जनिंग आणि एन्क्रिप्शन चालू करा, आणि दोघांनी एकाच वेळी अप्लाय करू नये म्हणून लॉक लावा. लॉकसाठी पूर्वी डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसचा तक्ता लागत असे, टेराफॉर्म १.१० पासून एस३ मध्येच लॉक फाइल ठेवण्याची सोय आली आहे, ती वापरा. ही बकेट मात्र याच टेराफॉर्मने बनवू नये. ती एकदा हाताने बनवावी. स्टेट फाइल गिटमध्ये टाकू नका, कारण तिच्यात गुपिते उघडी असतात. प्रोव्हायडरच्या आवृत्त्या पक्क्या करणारी 'टेराफॉर्म लॉक' ही फाइल वेगळी आहे. ती मात्र गिटमध्ये असायलाच हवी. चाचणीच्या मशीनसाठी वेगळी डिरेक्टरी आणि वेगळी स्टेट फाइल ठेवा, म्हणजे चाचणीत केलेली चूक मुख्य मशीनपर्यंत पोहोचायला वाटच राहणार नाही.

अप्लाय करण्यापूर्वी प्लॅन, म्हणजे काय बदलणार याची टेराफॉर्मने आधी दाखवलेली यादी, वाचण्याची सवय लावून घ्या, आणि तो शेवटच्या ओळीपासून वाचा. किती वाढणार, किती बदलणार आणि किती मिटणार हे तीन आकडे तिथे असतात. मिटण्याचा आकडा शून्य नसेल तर हात थांबवा आणि वर जाऊन 'फोर्सेस रिप्लेसमेंट' हे शब्द शोधा; कोणत्या एका गुणधर्मामुळे अख्खी वस्तू मिटून नवी येणार आहे ते त्या शब्दांच्या शेजारी लिहिलेले असते. सर्वांत जास्त वेळा तिथे मशीनच्या इमेजचा आयडी सापडतो. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत 'सर्वांत नवी उबंटू इमेज घे' असे लिहिलेले असते. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी दुरुस्त्यांसह नव्या इमेज वरचेवर काढते, त्यामुळे तुम्ही फाइलला हातही लावलेला नसताना पुढच्या महिन्यात प्लॅन म्हणतो की मशीन मिटवून नवे करायचे आहे. म्हणून इमेजचा आयडी फाइलमध्ये पक्का लिहा आणि तो ठरवून, दिवस निवडून बदला. आयडी शोधताना प्रकाशक कॅनॉनिकलच आहे, म्हणजे मालकाचा क्रमांक ०९९७२०१०९४७७ आहे, हे पाहून घ्या. उबंटू असे नाव कोणीही आपल्या इमेजला देऊ शकते.

सध्याच्या जुन्या मशीनचे काय करायचे, हाही प्रश्न तुमच्यापुढे येणारच. टेराफॉर्म १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक आले आहेत आणि चालू मशीन नोंदवहीत घेता येते. माझा सल्ला असा आहे की मशीन इम्पोर्ट करू नका. त्याने मशीनचे बाहेरचे वर्णन फाइलमध्ये येईल, पण दोन वर्षांत आत हाताने काय काय केले गेले ते अंधारातच राहील. इलॅस्टिक आयपी मात्र इम्पोर्ट करा, कारण तोच पत्ता पुढे चालवायचा आहे. मशीन फाइलमधून नवे उभे करा आणि डेटाचा डंप (डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदींची प्रत) घेऊन तो नव्या डिस्कवर भरा. इथे एक गोष्ट सांभाळा: उबंटू २२.०४ मध्ये पोस्टग्रेस १४ येते आणि २४.०४ मध्ये १६, आणि १४ ची डेटा डिरेक्टरी १६ ला तशीच उघडता येत नाही. त्यामुळे आता डंप घेऊन २४.०४ वर जाणे सोयीचे आहे. पण पुढे कधी फक्त इमेजचा आयडी नव्या उबंटूचा लिहून तीच डिस्क जोडली, तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही. तो बदल स्वतंत्र काम म्हणून आखावा लागतो.

खर्चाच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर आकारते, मग तो मशीनला जोडलेला असो वा नसो. महिन्याला साधारण साडेतीन डॉलरच्या वर जातात, म्हणून चाचणीच्या मशीनला वेगळा इलॅस्टिक आयपी देऊ नका आणि काम झाले की ते मशीन मिटवा. दुसरे म्हणजे टी३ मशीन 'अनलिमिटेड' पद्धतीने सुरू होतात, त्यामुळे सीपीयू सतत जास्त वापरला गेला तर मशीन मंदावत नाही, बिल वाढते. बजेटचा इशारा लावून ठेवा.

सुरुवात चाचणीच्या मशीनपासूनच करा. ते फाइलमधून उभे करा, अलीकडचा डंप त्यात भरा, एका सभासदाचे बिल छापून नाव नीट वाचता येते का पाहा. मग ते मशीन मुद्दाम मिटवा, डिस्क तशीच राहू द्या, आणि पुन्हा अप्लाय करा. हातात घड्याळ घ्या. तेच बिल पुन्हा तसेच निघाले, आणि मधे कोणाला आत जाऊन हाताने काही करावे लागले नाही, तर मुख्य मशीनकडे वळा. काही करावे लागलेच, तर ते त्याच वेळी फाइलमध्ये लिहा आणि पुन्हा मिटवून पाहा. आमच्याकडे पहिल्या मशीनला असे चार फेरे लागले होते.

मुख्य मशीनची अदलाबदल सकाळचे संकलन संपल्यावर आणि संध्याकाळचे सुरू होण्यापूर्वी, दुपारी करा, आणि दहा दिवसांचे बिल निघायच्या आदल्या-नंतरच्या दिवशी नको. त्या वेळी जुन्या मशीनवरचे सॉफ्टवेअर आधी बंद करा, मग शेवटचा डंप घ्या, तो नव्यावर भरा आणि आयपी पत्ता नव्याला जोडा. केंद्रांवरच्या यंत्रांना फरक कळणार नाही. जुने मशीन लगेच मिटवू नका, थांबवून ठेवा. थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे भाडे चालू राहते. नव्या मशीनवरून दहा दिवसांचे एक पूर्ण बिल वाटले जाईपर्यंत ते भरा, आणि त्यानंतर शेवटचा स्नॅपशॉट घेऊन ते मिटवा.